आधी साहेबांची टाळी

पडद्यावरच्या कारकुनाने खुर्ची उचलून त्याच्या साहेबाच्या काचेच्या टेबलावर आपटली आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं. एकच रांग गप्प होती. साहेबांनी आख्खं ऑफिस सिनेमाला आणलं होतं, आणि साहेबांच्या आधी टाळी वाजवायची नाही, हा ऑफिसचा रिवाज होता.

साहेब डोळे पुसत उभे राहिले. टाळ्या पिटत शेजारच्या हेडक्लार्क कुलथ्यांना म्हणाले, "माझीच गोष्ट आहे हो ही! वरचे लोक आपल्याला माणूस समजतच नाहीत." लगेच सगळी रांग टाळ्या पिटू लागली.

कुलथ्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्याच महिन्यात त्यांनी आईच्या दहाव्याला रजा मागितली, तेव्हा साहेबांनी याच हातांनी अर्ज टराटरा फाडला होता. वर, "पिंडाला कावळा शिवायला तुम्हीच कशाला हवेत?"

"काय कुलथे, हाताला मेंदी लागलीय का? वाजवा की टाळी!"

कुलथे उठले. एका हाताने टाळी वाजत नाही, म्हणतात. कुलथ्यांनी एकच हात उचलला, आणि साहेबांच्या गालावर तो असा वाजला, की पडद्याकडे कुणाचं लक्ष राहिलं नाही.

मग साहेबांची वाट न बघता रांगेच्या टोकाला कुणीतरी टाळी वाजवली.