शुद्ध प्रत

नवऱ्याच्या नव्या कादंबरीचं हस्तलिखित टाइप करता करता हेस्टर थांबली. आईच्या दफनाच्या दिवशी रडण्याच्या भरात तिने टोपी उलटी घातली होती. त्यावरून त्याने चार पानं भरून टर उडवली होती.

“ही बावळट बायको मीच ना?”

“छे, तू एवढी गमतीदार कुठे आहेस?” अख्ख्या इंग्लंडला हसवणारा तिचा नवरा ग्लास भरत म्हणाला. “शुक्रवारपर्यंत प्रकाशकाकडे जाऊ दे.”

छापून आलेलं स्वतःचं पुस्तक तो कधी उघडत नसे. त्यामुळे त्याचे पडेल विनोद टाइप करताना हेस्टर गुपचूप नव्याने लिहिते, हे त्याला तीस वर्षांत कळलं नव्हतं.

तिने मशीनमध्ये कोरा कागद चढवला. या खेपेला त्याचा शब्द न् शब्द तिने होता तसाच उतरवला.