एक हो, दहा नाही

"खाली सही कर, बाकीचं आपण सावकाश भरू," असं म्हणत मावशींनी कागद टेबलावर सरकवला.

पोरीने सही केली. सहावा महिना असावा, चेहरा ओढलेला, खांद्याला मोठी पिशवी. कागद तिने तसाच परत दिला. "चष्मा घरी राहिला, मावशी. मी सांगते, तुम्ही लिहाल का?"

"लिहिते की. रोजचंच आहे."

मालिशच्या त्या दुकानात त्यांना सगळे मावशीच म्हणत, मालकसुद्धा. बावीस वर्षं लोकांच्या पाठी रगडून त्यांची बोटं जाड झाली होती. उद्या सकाळी अकराला त्यांच्यावरच्या तक्रारीची शेवटची सुनावणी होती. परवाना गेला तर या वयात दुसरं काय येत होतं त्यांना? मालकाने सुट्टी घ्या म्हटलं होतं. पण घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा इथे हात चाललेले बरे.

"कितवा?"

"सहावा."

'गरोदर आहात का' या प्रश्नापुढे मावशींनी 'हो' लिहिलं.

"रक्त पातळ व्हायच्या गोळ्या?"

"नाही."

"रक्तदाब? ताप? अंगावर पुरळ?"

"नाही. काहीच नाही."

मावशी प्रत्येक 'नाही'खाली छोटीशी रेघ मारत होत्या. पोरगी पेनाच्या टोकाकडे बघत बसली होती.

"आणि एकच पाय सुजतो का? पोटरी दुखते, गरम लागते? नीट सांग हं. तसं असेल तर मी हातसुद्धा लावायची नाही. आधी डॉक्टर. आत रक्ताची गाठ असली आणि आपण रगडली, तर ती सुटून छातीत जाते. मग संपलंच."

"नाही सुजत." तिने मान वर केली. "असं झालंय का कधी, मावशी?"

मावशींनी रेघ पूर्ण केली. "झालंय. गेल्या वर्षी. तिला सातवा होता. डावी पोटरी जरा जोरात चोळा म्हणाली."

"दुखतेय म्हणाली होती?"

"दुखतेय म्हणजे... थकवा गं. आणि कागदावर काय? एक 'हो', दहा 'नाही'. तिच्या हाताने लिहिलेलं. तिसऱ्या दिवशी ती गेली, पोटातलंही गेलं. कागदावर खरं लिहिलं असतं तर आज मूल खेळवत असती."

पोरीने पिशवी मांडीवर ओढून घेतली. मावशींनाच राहवेना.

"लोक वय चोरतात, वजन चोरतात, महिनेसुद्धा चोरतात. भोगायचं कोणी? चोर सोडून संन्याशाला फाशी. तिच्या नवऱ्याने तक्रार केली, पण कागदापुढे त्याचंही चालेना. सुनावणीत साहेबांनी विचारलं, तिला हे प्रश्न समजले असतील का? तर तोच म्हणाला, दहावी झालेली बाई, रोज सकाळी पेपर उघडल्याशिवाय तिचा दिवस सुरू व्हायचा नाही. झालं की मग. तो कागद आहे म्हणून मी आहे."

त्यांचा आवाज कोरडा होता. सुरुवातीचे दोन महिने त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. मग लागायला लागला. माणसाला कशाचीही सवय होते.

आत त्यांनी तिला डाव्या कुशीवर निजवलं, पोटाखाली एक उशी, गुडघ्यांमध्ये एक. "आता उताणं फार वेळ पडायचं नाही. भरल्या पोटी यायचं नाही. आणि पोटावर मी हात फिरवणार नाही, कोणी फिरवते म्हणाली तरी फिरवू द्यायचा नाही."

"मावशी, त्या तेलाची मुदत संपलीय," पोरगी पडल्यापडल्या म्हणाली. "गेल्या मार्चलाच."

मावशींनी फळीवरची बाटली काढून डोळ्यांजवळ धरली. लेबलाच्या खालच्या कडेला बारीक अक्षरांत तसंच छापलेलं होतं. त्यांनी दुसरी बाटली घेतली.

तिच्या खांद्यांत नुसते दगड भरले होते. मावशींनी घाई केली नाही. हाताला गुण होता त्यांच्या, तो काही खोटा नव्हता.

"बाळंतपण कोण करणार? आई?"

"आई नाही. मोठी बहीण करणार होती. आता तिला जमायचं नाही."

"लांब असते का?"

"हो. लांब."

मावशींना उगाच वाईट वाटलं. ठरलेली वेळ संपल्यावरही त्यांनी दहा मिनिटं तिचे तळपाय हलक्या हाताने चोळले.

बाहेर येऊन पोरीने केस नीट केले, टेबलावरचा कागद उचलला आणि दिव्याखाली धरून वरपासून खालपर्यंत वाचला. मग त्याची घडी घातली.

"अगं, तो इथेच ठेवायचा असतो," मावशी म्हणाल्या.

"उद्या अकराला आणते की. साहेबांना दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायला सांगते." तिने पिशवीतून एक झेरॉक्स काढून मावशींसमोर ठेवली. एक 'हो', दहा 'नाही' आणि प्रत्येक 'नाही'खाली छोटीशी रेघ.

मावशींनी झेरॉक्स पालथी घातली. मग म्हणाल्या, "अक्षरासारखं अक्षर असतं, पोरी. तिच्या नवऱ्याने स्वतः सांगितलंय."

"भावोजींना आम्ही जे सांगितलं तेच त्यांनी सांगितलं. तुमचं खरं आहे मावशी, लोक खोटं बोलतात. लग्न जमावं म्हणून आम्हीही बोललो." तिने पिशवी खांद्याला लावली. "ताई पेपर नुसता धरून बसायची. तिला सही तेवढी येत होती, तीही लग्नाच्या आदल्या आठवड्यात मीच शिकवलेली."