सतरा नंबर

गॅसभरणीच्या शेडमधल्या, गळती ओळखणाऱ्या चाळीस डिटेक्टरांवर हेमांगीचा काडीचाही विश्वास उरला नव्हता. अनुभवातून शिकणारी ही नवी यंत्रं बसवल्यापासून चाचणीखेरीज सायरन एकदाही वाजला नव्हता. कारखान्याला त्याबद्दल सुरक्षेची ढालसुद्धा मिळाली होती.

दर गुरुवारी ती आधी वॉकीटॉकीवर चाचणी पुकारायची, म्हणजे सायरन ऐकून कुणी पळणार नाही. मग छोट्या सिलिंडरमधला गॅस डिटेक्टरवर सोडायची आणि आकडा बरोब्बर पन्नासवर जायचा.

आज तिने न पुकारताच एक नंबरवर गॅस सोडला. आकडा शून्यावरच राहिला. मग तिने वॉकीटॉकी तोंडाशी धरली. "एक नंबरची चाचणी सुरू." आकडा लगेच पन्नास!

"इंगवलेसाहेब, ही लबाडं आपलं बोलणं ऐकतात!"

"शहाणी झालीत ती, बाई," कंट्रोल रूममधून इंगवले हसले. "उगाच वाजणारा डिटेक्टर आपण भंगारात टाकतो. मग वाजेल कोण?"

म्हणजे चाचणी पुकारली तरच खरं सांगायचं, एरवी गप्प बसायचं. हेमांगीने सिलिंडर घट्ट बंद केला आणि एक नंबर शून्यावर येईपर्यंत थांबली.

"सगळ्यांची चाचणी सुरू."

क्षणभर काहीच झालं नाही. मग पलीकडच्या कोपऱ्यात सायरन किंचाळला.

"वा! सतरा नंबर साठवर गेला," इंगवले म्हणाले. "एवढ्यात तिकडे पोचलातसुद्धा?"

हेमांगी एक नंबरपाशीच उभी होती. बंद सिलिंडर तिच्या हातात होता.