रजिस्टरातल्या दोन ओळी

“रजिस्टरात आजची एक खूण खरी असली तरी मला पुरे,” पाळकसाहेब म्हणाले. “मागचं मी विचारत नाही. पण खोटी खूण मी करणार नाही, बाई. माझ्याकडून करवूनही घेऊ नका.”

दमयंतीने मान हलवली. स्कॉटलंडहून आलेला फॉर्म टेबलावर होता. तिथल्या ख्रिस्ती मंडळीच्या वृद्धाश्रमात माणूस हवं होतं. पूर्वी रत्नागिरीत मिशनच्या दवाखान्यात काम केलेल्या एका नर्सबाईंनी तिचं नाव सुचवलं होतं. सगळे रकाने भरून झाले होते. एकच उरला होता. अर्जदार प्रभुभोजन घेते का? त्याखाली पाळकाची सही. कुरिअरवाला बाराला पिशवी बंद करायचा. आता साडेदहा झाले होते.

खाटेवर गोदूबाई होत्या, तिच्या सासूबाई. १९९८च्या जानेवारीत त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. कान मात्र शाबूत राहिले. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतील, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तेव्हापासून दमयंतीचं जग दोन तासांचं झालं. मिरकरवाड्याला जाऊन मासळी आणता येई. पूर्णगडला जाऊन यायला तीन तास लागत, म्हणून माहेर बंद झालं. नवरा त्याआधीच वारला होता. खेडची नणंद, हेमा, आता चार वर्षांनी आईला न्यायला तयार झाली होती. “पण आईला तूच सांग,” असं म्हणून तिने फोन ठेवला होता. दमयंतीने अजून सांगितलं नव्हतं.

पाळकसाहेबांनी पिशवीतून प्रभुभोजनासाठी भाकरीची डबी आणि द्राक्षारसाची छोटी बाटली काढली. गोदूबाईंना देवळात नेता येत नसे, म्हणून महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते घरी येत. भाकर मोडण्याआधी त्यांचे शब्द ठरलेले असत. आजही ते तेच बोलले.

“तुमच्या मनात कुणाविषयी काही असेल, किंवा कुणाच्या मनात तुमच्याविषयी काही असेल, तर आधी ते मिटवा. मग हात पुढे करा.”

एवढं ऐकलं की दमयंती स्वयंपाकघरात जाई. चहा टाकते, म्हणे. आजारपणाच्या पहिल्या उन्हाळ्यात, एका दुपारी कूस बदलताना, तिच्या मनात आलं होतं की ही बाई एकदाची मरत का नाही. ती बोलली काहीच नाही. फक्त त्यांना जरा जोरात वळवलं गेलं. पुढे तो विचार पुन्हा पुन्हा येत राहिला. तो मनात ठेवून भाकर घेणं तिला जमलं नाही.

आज ती आत गेली नाही. हात तेवढा पुढे करायचा होता. खूण होईल, सही होईल, पाकीट जाईल.

“आज चहा नाही वाटतं?” पाळकसाहेब हसले. “इतकी वर्षं मी प्रार्थना म्हणायचो आणि आतून स्टोव्ह उत्तर द्यायचा.”

“चहा मागाहून देते.”

त्यांनी मंडळीचं रजिस्टर १९९८च्या पानापासून चाळायला घेतलं. दमयंती त्यांच्या खांद्यामागे उभी होती. तिची ओळ तिला पाठ होती. पहिले तीन महिने खुणा, एप्रिलपासून आडव्या रेघा. मग तिची नजर वरच्या ओळीवर गेली. ती गोदूबाईंची होती. तीन महिने खुणा. एप्रिलपासून रेघा. तिने पानं उलटून पाहिली. दोन्ही ओळी शेवटपर्यंत सारख्या होत्या.

“आई भाकर घेत नाहीत?”

“नाही ना. तुम्ही आत गेलात की त्या दाराकडे बघतात आणि तोंड मिटून घेतात. मला वाटलं, कोरडा तुकडा गिळवत नसेल. तुमच्या जिवाला आणखी घोर नको, म्हणून बोललो नाही.”

“सकाळी दोन कडक बटर खाल्लेत त्यांनी,” दमयंती म्हणाली. “डाव्या दाढेने. चहात बुडवलेलं चालत नाही त्यांना.”

पाळकसाहेबांनी पेन खाली ठेवलं.

त्यांच्या त्या ठरलेल्या वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकूनच दमयंती आत जात असे. उरलेला अर्धा, ‘कुणाच्या मनात तुमच्याविषयी’ हा, तिने कधी स्वतःला लावून पाहिला नव्हता. तो या खोलीत दुसरं कुणीतरी ऐकत होतं.

ती खाटेवर बसली. कूस बदलायला अजून पाऊण तास होता.

“आई, तुम्ही मरावं असं मला वाटत आलंय,” ती म्हणाली. “तुम्हाला ते कळलं होतं. मी तुम्हाला जोरात वळवलं, त्या दिवशीच.”

गोदूबाई तिच्याकडे पाहत राहिल्या.

“मला परदेशात काम मिळतंय. तिथेही म्हातारी माणसंच सांभाळायचीत. पण कामाची पाळी संपली की मला दार उघडून बाहेर जाता येईल. तिकडून होकार आला की हेमावन्सं तुम्हाला खेडला नेतील. मी तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्हाला नाही म्हणता येत नाही. मला जायचंय, आई.”

बंदरात कुठल्यातरी ट्रॉलरचा भोंगा वाजला आणि थांबला. पाळकसाहेबांनी भाकर मोडली. दोन तुकडे त्यांच्या तळहातावर होते. कुणाला द्यावेत ते त्यांना कळेना.

दमयंतीने एक उचलला. रोज घास धरते तसा, डाव्या बाजूने, सासूच्या ओठांशी धरला.

गोदूबाईंनी तोंड उघडलं.