ताप उतरला की

डिशमधला थायमसचा काप कडेने अर्धा मिलिमीटर काळवंडला होता. पेशींना रोगाशी लढायला शिकवणारी ही ग्रंथी एका बाळाच्या हृदयशस्त्रक्रियेत काढावी लागली होती. प्रयोगशाळेत तिचे काप एकवीस दिवसच टिकतात. आज विसावा दिवस. मी तडक वॉर्डात गेले. काचेपलीकडे, ग्रंथीविनाच जन्मलेली आठ महिन्यांची मुलगी तापाने फणफणली होती. “ताप उतरला की रोपण करू,” सर्जन तिसऱ्यांदा म्हणाले. “सर, काप माझं ऐकत नाहीत. उद्या संपतील.” “टेबलावर काही झालं तर बोल मलाच लागेल.” मुलीची आई मास्कआडून कडाडली, “ताप उतरवायला तिच्या अंगात आहे काय? तेच तर तुम्ही देणार होतात ना?” सर्जन तापाच्या तक्त्याकडे बघत राहिले. आठवडाभर ती रेघ खाली आली नव्हती. “उद्या सकाळी आठला घेऊ,” ते म्हणाले. “ताप असला तरी.”