चाळीस टाक्यांचा मफलर

मफलरच्या पहिल्या ओळीत चाळीस टाके होते आणि रुंदी बावीस सेंटीमीटर. आज, एकोणिसाव्या दिवशी, टाके चाळीसच, पण रुंदी चौदा. प्रयोगशाळेत नोकरी करणाऱ्या नवऱ्याने पट्टी खाली ठेवली. हात आवळला की वीण आवळते, हे त्याला आता कळून चुकलं होतं. पण बायको तोंडाने कबूल करेल तर शपथ! मफलर त्याच्या मामांसाठी होता, आणि दोन दिवसांसाठी आलेले मामा हलायचं नाव घेत नव्हते. तिने एकदा जरी ‘पुरे’ म्हटलं असतं, तरी तो त्यांना आजच गाडीत बसवून आला असता.

“सूनबाई,” मामा सोफ्यावर पाय पसरत म्हणाले, “इथली हवा मानवली बघ मला. अजून महिनाभर राहिलो तर जड नाही ना होणार?”

नवऱ्याने श्वास रोखून बायकोकडे पाहिलं.

“अहो मामा, असं काय बोलता? घर तुमचंच आहे,” ती गोड हसली आणि पुढची ओळ विणायला लागली.


त्या ओळीत टाके चाळीस. रुंदी सहा सेंटीमीटर. क्रोशाच्या स्टीलच्या सुईला आलेला बाक, अकरा अंश.