घरचा पाठिंबा

शेखरनं मंचावर आपला एम्युलेटर, म्हणजे जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, सुरू केला. कधीच्या बंद पडलेल्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम साध्या लॅपटॉपवर चालू झाली, तशा टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत त्याची बायको ऋजुताही टाळ्या वाजवत होती.

"जुन्या प्रोसेसरच्या आज्ञा नव्याला इतक्या झटपट कशा कळतात?" कुणीतरी विचारलं.

प्रोग्रॅमचा तो भाग ऋजुतानं लिहिला होता, गरोदरपणी डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं होतं तेव्हा.

"तोच लिहिताना माझा घाम निघाला," शेखर म्हणाला. "पण घरून पाठिंबा होता."

लोकांनी वळून तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. ती हसली.

गाडीत तो म्हणाला, "त्या भागात एक चूक राहिलीय. बघशील?"

"बघते," ती बोलून गेली, आणि घर येईपर्यंत तिला त्याच्यापेक्षा स्वतःचाच राग येत राहिला.